हाताकडे बघा

बुधवारी दुपारी दवाखान्यात अगदी क्षुल्लक गोष्ट घडली. दिवा जरा खाली ओढावा म्हणून त्याने डावा हात वर नेला, आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईंनी लगेच आ केला. ‘तोंड उघडा’ असं तो म्हणाला नव्हता. म्हणणारच होता, पण अजून अवकाश होता. आधी दिवा, मग आरसा, मग तोंड, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. बाई मात्र त्याच्या हाताकडे बघत होत्या. हात वर गेला, त्यांनी तोंड उघडलं, डोळे मिटून घेतले आणि शहाण्या मुलीसारख्या वाट बघत पडून राहिल्या. त्याचा हात दिव्याच्या दांडीवर तसाच राहिला. कानशिलं तापली. "डॉक्टर, दिवा अडकलाय का?" नर्सबाईंनी विचारलं. "नाही," तो म्हणाला, "काही नाही." आणि मग उगाचच बाईंना म्हणाला, "माफ करा हं." बाईंनी उघड्या तोंडानेच काहीतरी उत्तर दिलं. माफ केलं असावं. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत पडलेलं माणूस दुसरं काय करणार?

रविवारपासून हे असंच चाललं होतं. दाढी करताना हात वर गेला की आरशातला हात त्याला नकोसा व्हायचा. रस्त्यात टॅक्सी थांबवायची तर हात उचलायची लाज, म्हणून तो दोन दिवस चालतच येत-जात होता आणि शेजाऱ्यांना सांगत होता की तब्येतीसाठी. तब्येत उत्तम होती. बिघडलं होतं ते निराळंच, आणि त्यावर कुठल्या दवाखान्यात इलाज नव्हता. दिवसभर तो लोकांच्या तोंडात डोकावायचा, किडलेलं कुठवर गेलंय ते सुईने टोचून बघायचा, आणि वरवर पांढराशुभ्र दिसणारा दात आतून पोकळ निघाला की रोग्याला मोठ्या गंभीरपणे सांगायचा, "आधीच यायला हवं होतं तुम्ही." हे वाक्य त्याने त्या आठवड्यात एकदाही उच्चारलं नाही.

संध्याकाळी तो दातांचा डॉक्टर नसायचा. ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये वस्तीतल्या हौशी मंडळींचा वाद्यवृंद आणि गायकवृंद जमायचा, तिथे त्याला सगळे मास्तर म्हणत. कारकून, बेकरीवाला, शाळेतल्या शिक्षिका, पोस्टातून निवृत्त झालेले दोघे, असा सगळा गोतावळा. यांना एका सुरात आणायचं म्हणजे बेडकं तराजूत तोलायची; एकाला बसवावं तर दुसरा उडी मारून बाहेर. या गाड्याला तिघं जण जुंपलेली होती. वाद्यांच्या बाजूने वकील, पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवाला, कोर्टात जितका बोलका तितकाच तालमीत मोजकं बोलणारा. गाणाऱ्यांच्या बाजूने ताई. आणि मध्ये, लाकडी पाटावर उभा राहून, हा. ताई ही त्याची सख्खी थोरली बहीण, पण जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे ती जगाचीच ताई झाली होती. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा तिला ताई म्हणत आणि तिच्यापुढे उभं राहताना पाठ ताठ करत. गाणाऱ्यांची तयारी करून घ्यायची ती, सूर पक्के करून घ्यायची ती, आणि कार्यक्रमाच्या दिवशी मात्र गुपचूप जाऊन खालच्या पट्टीतल्या बायकांच्या रांगेत उभी राहायची, त्यांना आधार म्हणून.

तिचं शिकवणं एकाच गोष्टीभोवती फिरायचं. "कागदात काय डोकं खुपसून बसता? कागद बापडा कुठे पळून जात नाही. हाताकडे बघा. कागद मेलेला असतो, हात जिवंत असतो." सगळ्या जणी माना हलवायच्या आणि गाणं सुरू झालं की पुन्हा कागदात. भीतीच तशी असते. कागद दगा देत नाही, असं प्रत्येकीला आतून वाटत असतं. हाताकडे बघायची ती एकटी ताई. लहानपणी तो चिमणीएवढा असताना तिने खिडकीशी उभं राहून लाकडी पट्टीने त्याला ताल शिकवला होता, तेव्हा तो तिच्या हाताकडे असाच बघायचा. पुढे पट्टी त्याच्या हातात आली. ताईने ती बिनबोभाट दिली आणि स्वतः समोर जाऊन उभी राहिली. बघणारा आणि दाखवणारा यांची अदलाबदल झाली, एवढंच. यात आपण काही मोठं केलं असं तिला कधी वाटलं नाही, आणि खरं तर त्यालाही वाटलं नव्हतं, रविवारपर्यंत.

रविवारच्या रचनेत एक जागा होती. सगळी वाद्यं एका मोठ्या गजरानंतर एकदम थांबतात. मग आठ मात्रांची शांतता, आणि आठ झाल्यावर खालच्या पट्टीतल्या बायका, कसलाही आधार नसताना, अगदी हळू आवाजात उचलतात. तालमींमध्ये त्याने या जागेचं कौतुक करून करून सगळ्यांना वात आणला होता. "ही शांतता म्हणजे या रचनेचा जीव आहे," तो म्हणायचा. "ती भरू द्या. घाई करू नका." घाई करू नका! हे आठवलं की आता तो एकटा असतानाही मान खाली घालायचा. कारण रविवारी गजर थांबला, हॉल असा गप्प झाला की लोकांनी खोकलेही गिळले, आणि त्या भरत चाललेल्या शांततेत त्याचं लक्ष मागच्या भिंतीवर गेलं. पुढच्या दिव्यांमुळे त्याची सावली तिथे पडली होती. नवा कोट होता, अंगात नेमका बसलेला. सावली उंच होती, सडपातळ होती, त्याच्यापेक्षा बरीच देखणी होती. एक, दोन, तीन. त्याला वाटलं, हात उचलला की ही कशी दिसेल? चार. आणि त्याने हात उचलला. इशारा म्हणून नाही. सावली बघायला.

ताई आली. एकटी. बाकीच्या कागदावर बोट ठेवून मोजत होत्या, त्यांना त्याचा हात दिसलाच नाही. ज्या एका बाईने त्याच्या हातावर भरवसा ठेवला होता तिचा एकटीचा आवाज त्या गप्प हॉलमध्ये उघडा पडला. आवाज चांगला होता, सुरात होता, वयाने जरासा कापणारा. एक शब्द, दुसऱ्याचा अर्धा, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याबरोबर कुणीच नाही. ती थांबली. इथवर जे झालं ती चूक होती आणि चूक कुणाचीही होते. त्यानंतर त्याने जे केलं ती चूक नव्हती. त्याने तिच्याकडे बघितलं. भुवया किंचित वर, ओठांवर बोट, आणि मग अर्धवट लोकांकडे वळून एक हसू, समजूतदार, ‘आमच्या म्हाताऱ्या मंडळींना सांभाळून घ्या’ असं सांगणारं. लोक प्रेमाने हसले. पुढच्या चार मात्रा त्याने पुन्हा मोजल्या, हात उचलला, आणि सगळ्या बायका व्यवस्थित आल्या. हे सगळं व्हायला श्वास घ्यायला लागतो तितकाही वेळ लागला नाही. इतक्या कमी वेळात माणूस इतका खाली जाऊ शकतो याची त्याला कल्पना नव्हती. आणि पुढचा पाऊण तास त्याने रचना छानच चालवली, हे आणखी एक.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत वकील व्हायोलिन पुसत त्याच्या कानाशी आले. "सावरलंत बरं का, मास्तर," एवढंच म्हणाले. म्हणजे वकिलांनी बघितलं होतं. पहिल्या खुर्चीवरून हात दिसणार नाही तर काय दिसणार? ताई कोपऱ्यात बसून चष्म्याचं घर शोधत होती आणि ते तिच्याच हातात होतं. त्याला बघून ती उठली. "माझं चुकलं रे," ती म्हणाली. तेव्हा सांगायचं होतं. ओठांवर आलेलं होतं, पण आजूबाजूला माणसं होती, कुणीतरी त्याच्या हातात फुलं ठेवत होतं, कुणी पाठ थोपटत होतं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे गं. होतं असं." होतं असं! बघितलं त्याची एक वेळ समजूत घालता येईल, डोळे आपले आपण फिरतात. पण हे दोन शब्द त्याने स्वतः निवडून तिला दिले होते.

बुधवारी त्या म्हाताऱ्या बाई दात भरून घेऊन, गाल धरून निघून गेल्या, आणि तो हात धूत उभा असतानाच भावोजींचा फोन आला. भावोजी फोनवर कधी नीट बोलत नाहीत, सगळं ओरडून सांगतात. आज ते हळू बोलत होते. "तुला सांगू नको म्हणाली आहे, पण सांगतो. परवा ती मेंदूच्या डॉक्टरकडे जातेय, त्या विसरण्याच्या तपासणीसाठी. आणि उद्या तालमीत सांगणार आहे की मी सोडते म्हणून. रात्रंदिवस आईंचंच काढून बसलीये." त्याने नळ बंद केला. "आईचं काय काढून बसलीये?" "अरे, आईंचं असंच सुरू झालं नव्हतं का?" भावोजी म्हणाले. "एक दिवस भलत्याच वेळी, भलतंच."

आईचं असंच सुरू झालं होतं. पाहुणे बसलेले असताना ती उठून त्यांना जेवायला बसा म्हणाली, आणि ते नुकतेच जेवून हात पुसत होते. सगळे हसले, तीही हसली. नंतर एकच टॉवेल दिवसभर घड्या घालून उलगडत बसायची. नंतर ताईला बाई म्हणू लागली, आणि कामाला ठेवलेल्या बाईशी बोलावं तसं अदबीने, जरा परकेपणाने बोलू लागली. त्याने हे सगळं रविवारी रविवारी बघितलं. ताईने ते रोज केलं. न्हाऊ घालणं, भरवणं, आणि बाई म्हणवून घेणं. आई गेल्यावर दोघं तिचं कपाट आवरत होती तेव्हा ताई हातातली साडी तशीच धरून म्हणाली होती, "माझं असं व्हायला लागलं तर मला सगळ्यांत आधी तू सांगायचं. हे नाही सांगणार, यांच्याच्याने होणार नाही. तू सांगशील. कबूल?" त्याने कबूल केलं होतं. अशा वेळी माणूस काहीही कबूल करतो. आणि आता हात पुसता पुसता त्याच्या लक्षात आलं की रविवारी, हॉलभर माणसांसमोर, भुवया उंचावून आणि ओठांवर बोट ठेवून, आपण तिला ते सांगितलं. निदान तिने तरी तसंच ऐकलं. उरलेले रोगी त्याने दुसऱ्या दिवशी बोलावले आणि तो तडक ताईकडे गेला.

ताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून पुटपुटत होती. भावोजी दाराशी बसले होते, त्यांनी त्याला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. ती शाळेतल्या तिच्या पहिल्या वर्गाची हजेरी म्हणत होती, ओळीने, एकेक नाव. मध्येच अडकली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकली.

"बारावी मुलगी आठवत नाही," मागे न वळताच ती म्हणाली. "बस. चहा टाकते."

"ताई, इतक्या जुन्या वर्गाची हजेरी कुणाला आठवते?"

"मला आठवत होती."

त्याने ठरवून आणलेलं सगळं बोलणं बाजूला राहिलं. मग तो एकदम बोलला, सरळ, सगळं. "रविवारी तू चुकली नाहीस. मी हात दिला. चारलाच दिला. तू माझ्या हाताबरोबर आलीस आणि मी तुझ्याकडे बघितलं, तुझी चूक असल्यासारखं. चूक माझी होती. तुला काही झालेलं नाही."

ताईने गॅस बारीक केला. पदराला हात पुसून त्याच्या समोर येऊन बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली, लहानपणी तो पडून यायचा तेव्हा खरचटलंय किती ते बघायची तशी.

"कुणी सांगितलं तुला, यांनी ना?" ती म्हणाली. "तरी म्हटलं होतं सांगू नका."

"भावोजींचा काही संबंध नाही. मी खरं सांगतोय."

"हे बघ. तू कबूल केलं होतंस, आणि शब्द पाळलास. सोपं नव्हतं ते, मला काय कळत नाही? तू माझ्याकडे बघितलंस ना, तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं, आता हा सांगतोय. आता दया येते म्हणून शब्द फिरवू नकोस. त्याने मला जास्त त्रास होईल."

"अगं, दया कसली! मी सावली बघत होतो."

"कसली सावली?"

"माझी. भिंतीवर पडली होती. हात कसा दिसतो ते बघायला मी हात उचलला." हे मोठ्याने बोलताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्याने मान वळवली.

आणि ताई हसली. रविवारनंतर पहिल्यांदा हसली असावी, कारण दाराशी बसलेले भावोजीही सैल झाले. "काय काय रचतोस रे," ती म्हणाली. "खोटं बोलायलासुद्धा डोकं लागतं, ते तुला पहिल्यापासून आहे. सावली म्हणे!" तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्याच्या पन्नाशी उलटलेल्या, पुढून विरळ झालेल्या केसांवरून. त्याने आणखी दोनदा सांगितलं, शपथ घेतली, चिडून टेबलावर हात आपटला. जितकं सांगावं तितकं तिच्या चेहऱ्यावरचं प्रेम वाढत होतं. शेवटी तो चहा प्यायला. चहात साखर बरोबर होती, जितकी त्याला लागते तितकीच, आणि हे तिला दाखवून द्यावं असं त्याला वाटलं, पण धीर झाला नाही.

घरी जाताना त्याने वकिलांना फोन लावला. ताईला दुसऱ्या कुणी सांगितलं तर पटेल, आणि बघणारे एकटे वकील होते. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. "मास्तर," ते म्हणाले, "मी तारांकडे बघत होतो." मग समजुतीच्या सुरात, "आणि समजा बघितलं असतं, तरी हे उकरायचं कशाला? मंडळी हौशी आहेत. पुढाऱ्याचा हात चुकतो असं एकदा कळलं की कुणी हाताकडे बघायचं नाही. ताईंचं वय झालंय, लोक सांभाळून घेतायत, मानाने निवृत्त होतील." त्याला वकिलांचा राग आला नाही, हे त्याला फार लागलं. रविवारी मागच्या खोलीत फुलं घेताना तो नेमका हाच विचार करत होता, फक्त इतक्या नीटनेटक्या वाक्यांत नाही.

गुरुवारी हॉलमध्ये नेहमीसारखाच गोंगाट होता. खुर्च्या ओढल्या जात होत्या, बेकरीवाला बासरीत फुंकर घालून बघत होता, बायका खिडकी उघडी की बंद यावरून वाद घालत होत्या. ताई आपल्या जागी जाऊन बसली होती, मांडीवर कागद, कागदावर पेन्सिल, आणि तालीम संपल्यावर बोलायचं म्हणून चेहरा आवरून ठेवलेला. तो पाटावर चढला. सगळ्यांनी गप्प होऊन त्याच्याकडे बघितलं. "तालमीच्या आधी एक सांगायचंय," तो म्हणाला. आवाज चिरकला. "रविवारी त्या शांततेच्या जागी जे झालं ती ताईची चूक नव्हती. मी हात आधी दिला. ताई माझ्या हाताबरोबर आली. बाकी कुणी हाताकडे बघितलं नाही म्हणून ती एकटी पडली. आणि मी ते तिच्यावर ढकललं." एवढं बोलून तो थांबला. आता त्यांनी काहीही म्हणावं. तोंडावर थुंकले तरी चालेल. मग वकील उठून उभे राहिले. "मंडळी," ते म्हणाले, आणि त्यांचा कोर्टातला आवाज त्या हॉलने पहिल्यांदाच ऐकला, "दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायला मोठं मन लागतं. असा पुढारी आपल्याला मिळालाय." त्यांनी व्हायोलिनचा गज स्टँडवर ठकठकवला. मग सगळे गज ठकठकू लागले, टाळ्या वाजू लागल्या, पोस्टातले दोघे उभे राहिले, बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. सगळ्यांत जोरात टाळ्या ताई वाजवत होती. ती रडत होती, हसत होती आणि शेजारणीला काहीतरी सांगत होती, बहुतेक हेच, की हा लहानपणापासून असाच.

टाळ्या थांबेनात. तो पाटावर उभा राहून त्या अंगावर घेत राहिला. वकील खाली बसले, त्याच्याकडे न बघता गजाला राळ लावू लागले. तेव्हा त्याला वाटलं, आता बोलून काही होणार नाही, आता फक्त एकच पुरावा उरला. तीच जागा, तोच हात, तसाच चुकीचा. ताई बघेल. ताई बघतेच. हात चारला गेला की ती चारला येईल, आणि मग तिचं तिलाच कळेल की डोकं शाबूत आहे, डोळे शाबूत आहेत, चुकतो आहे तो हात. "चला," तो म्हणाला, "त्या गजरापासून घेऊ. त्याच जागेपासून." खुर्च्या सावरल्या गेल्या. गजर झाला, थोडा कच्चाच, आणि सगळं थांबलं. एक. ट्यूबलाईटच्या उजेडात भिंतीवर कसली सावली नव्हती. दोन. आज कोट नव्हता, शर्टाच्या बाहीवर दवाखान्यातल्या औषधाचा डाग होता. तीन. चार, आणि त्याने हात उचलला, रविवारी उचलला होता तसाच, ताईच्या दिशेने, बोटं जराशी उघडी, ये म्हणणारी.

कुणीच आलं नाही. सगळ्या माना खाली होत्या. ताईचीसुद्धा. तिने कागदावर त्या जागी पेन्सिलने ठळक आकडे काढले होते, एकापासून आठपर्यंत, पाटावरूनही दिसतील इतके मोठे, आणि एकेका आकड्यावरून पेन्सिलचं टोक पुढे सरकवत ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. पाच. त्याचा हात तसाच वर. बघ, तो मनात म्हणाला, ताई, एकदा बघ. सहा. वकिलांनी बघितलं आणि नजर तारांवर नेली. सात. आयुष्यभर जगाला हाताकडे बघा म्हणणारी बाई पेन्सिलीच्या टोकाकडे डोळे फाडून बघत होती. आठ झाले आणि खालच्या पट्टीतल्या सगळ्या बायका एकदम आल्या, हळू, सुरात, त्याने कधी मागितली नसेल इतकी स्वच्छ सुरुवात, आणि त्यात ताईचा आवाज होता, सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांत मिसळलेला. त्याच्या हाताचा त्यात काही भाग नव्हता. ओळ पुरी झाली तशी ताईने सुटकेचा श्वास टाकला आणि मान वर केली. त्याचा हात अजून हवेत होता, नको त्या जागी. तिने तो बघितला. शेजारणींच्या लक्षात यायच्या आत तिने बोटानेच त्याला हलकेच खूण केली, हात खाली घे अशी, आणि मग आवाज न करता, नुसत्या ओठांनी, पडून आलेल्या पोराला समजवावं तसं म्हणाली, "होतं असं."